हवाईदलातून निवृत्त होऊन कोल्हापुरात येणारा वैमानिक आणि त्याचं घर: कागद, पैसे, तब्येत, पुढचं उड्डाण

उजळाईवाडी (धागाकर्ता)

कोल्हापूर जिल्ह्याला फौज नवी नाही. सैनिक टाकळीसारखं गाव आहे, टेंबलाईवर टीएची (टेरिटोरियल आर्मीची) मराठा बटालियन आहे, बेळगावात मराठा सेंटर आहे. भूदलातून परतलेल्या माणसाला काय कुठं करायचं ते सांगणारी चार माणसं गल्लीतच भेटतात. हवाईदलातला वैमानिक मात्र इथं एकटा पडतो. शहरात हवाईदलाचा तळ नाही, जवळचा म्हणजे बेळगावचा सांबरा. तळावर असताना ऑर्डर्ली रूम (कार्यालय), अकाउंट्स, एमआय रूम (दवाखाना) सगळं चालत जाण्याच्या अंतरावर होतं. ताराबाई पार्कात किंवा कागलच्या मळ्यात घर केलं की ते सगळं घरच्यांच्या अंगावर येतं.

म्हणून हा धागा. विंग कमांडर किंवा ग्रुप कॅप्टन पन्नाशीच्या मध्यावर बाहेर पडतो. तेव्हा मुलं बहुधा कॉलेजात असतात, गावाकडं आईवडील थकलेले असतात आणि बायकोनं वीस-पंचवीस वर्षं दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवलेलं असतं. माझं ठाम मत असं की निवृत्तीआधीची शेवटची दोन वर्षं ही खरी तयारीची, आणि ती तयारी दोघांनी मिळून करायची. बायकोला स्पर्शचं, म्हणजे फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलचं, लॉगिन माहीत नसेल तर पेन्शन कितीही असली तरी घर अर्धवटच सावरलेलं असतं.

ज्याला ज्या विषयाची नीट माहिती आहे त्यानं तेवढंच लिहा. आकडे द्या, नियम द्या. आठवणींसाठी दुसरे धागे आहेत.

हिशेबनीस

पेन्शनपासून सुरुवात करतो, कारण गोंधळ इथंच जास्त.

अधिकाऱ्याला पेन्शनसाठी किमान २० वर्षं सेवा लागते. पेन्शन म्हणजे शेवटचं मूळ वेतन अधिक एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे), याच्या ५० टक्के. अधिकाऱ्यांची एमएसपी १५,५००. फ्लाइंग अलाउन्स यात धरत नाहीत. वैमानिकाच्या घरातलं पहिलं चुकतं ते इथं, कारण घरखर्च वर्षानुवर्षं त्या अलाउन्ससकट बसलेला असतो. निवृत्तीच्या दोन वर्षं आधीपासून अलाउन्स बाजूला टाकून महिना भागवून बघा, मग खरा अंदाज येतो.

उदाहरणादाखल मूळ वेतन २,००,००० धरू. एमएसपी मिळवून २,१५,५००. पेन्शन १,०७,७५०, त्यावर महागाई सवलत. यातला निम्म्यापर्यंत भाग विकता येतो, म्हणजे कम्युटेशन. निम्मा विकला तर महिन्याला ५३,८७५ कमी होतात. पंचावन्नच्या आसपास गुणक साडेआठच्या थोडा वर असतो. ८.६ धरला तर ५३,८७५ गुणिले १२ गुणिले ८.६, म्हणजे साधारण साडेपंचावन्न लाख एकरकमी. सरकारी पेन्शनरला ही रक्कम करमुक्त आहे. विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो.

दोन गोष्टी बरेच जण विसरतात. महागाई सवलत पूर्ण १,०७,७५० वर मिळते, उरलेल्या निम्म्यावर नाही. आणि कम्युटेशन केल्यानं बायकोची फॅमिली पेन्शन एक रुपयानंही कमी होत नाही, कारण ती शेवटच्या पूर्ण वेतनावर काढतात. वरच्या उदाहरणात साधी फॅमिली पेन्शन ३० टक्के म्हणजे ६४,६५०. निवृत्तीनंतर पेन्शनर गेला तर मृत्यूपासून ७ वर्षं किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता ती तारीख, यातलं जे आधी येईल तोवर वाढीव दरानं, म्हणजे १,०७,७५०. त्यानंतर रक्कम एकदम उतरते. हा उतार घरातल्या दोघांनाही आधीपासून आकड्यासकट माहीत हवा.

ग्रॅच्युइटीची मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख. रजेचा पगार जास्तीत जास्त ३०० दिवसांचा. गट विम्यात एजीआयएफ ही भूदलाची, आपली एएफजीआयएस. तिचं नॉमिनेशन पेन्शनच्या नॉमिनेशनपेक्षा वेगळं असतं, एक बदललं म्हणून दुसरं आपोआप बदलत नाही.

एकरकमी पैसा आला की प्लॉट दाखवणारे पहिल्याच आठवड्यात दारात येतात. सहा महिने काहीही घेऊ नका. पैसा मुदत ठेवीत पडू दे. एनए नसलेली, गुंठेवारीतली जमीन फौजी माणसाला विकण्याचे प्रकार आपल्या भागात फार आहेत.

नागाळा पार्क

हिशेबनीस, वन रँक वन पेन्शनचं काय?

हिशेबनीस

सारखा हुद्दा, सारखी सेवा, तर सारखी पेन्शन, हे त्याचं तत्त्व. १ जुलै २०१४ पासून लागू, दर पाच वर्षांनी फेर. फेर झाले ते १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ चे. टेबलमध्ये हुद्दा आणि सेवेची वर्षं ताडून आपला आकडा बघायचा. आपली पेन्शन टेबलातल्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर ती खाली येत नाही. वय वाढलं की वेगळी वाढ आहे: ८० ला २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के. ही आपोआप लागते, पण स्पर्शवर जन्मतारीख चुकीची असेल तर अडकते. फॅमिली पेन्शनरलाही हीच वाढ आहे, म्हणून बायकोची जन्मतारीख तेवढीच नीट तपासा.

पीपीओ आधी वाचा

जन्मतारखेचा विषय निघाला म्हणून नावांचंही सांगतो. फॅमिली पेन्शन अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नाव असतं आद्याक्षरांचं, ‘एस व्ही पाटील’ या धर्तीचं. आधारवर संभाजी विठ्ठल पाटील. पॅनवर कधी संभाजीराव. बायकोचं त्याहून अवघड. लग्नानंतर आपल्याकडं काही घरांत नावही बदलतात, त्यामुळं रेकॉर्डमध्ये सासरचं नाव, दहावीच्या दाखल्यावर माहेरचं आणि आधारवर तिसरंच. नवरा जिवंत असेतोवर हे कुणी विचारत नाही. तो गेल्यावर बायको मृत्यूचा दाखला घेऊन उभी राहते तेव्हा यंत्रणा म्हणते, पीपीओवरची (पेन्शनच्या आदेशावरची) व्यक्ती हीच कशावरून?

काम असं करा. पीपीओ, आधार, पॅन आणि बँक पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. नवरा, बायको आणि प्रत्येक मूल यांचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडा. कुठला कागद बदलायचा ते ठरवा. आधार बदलणं सोपं, पीपीओ बदलणं वेळखाऊ. नोकरीत असताना सर्व्हिस रेकॉर्डमधली दुरुस्ती युनिटमधून पीओआर (बदलाची अधिकृत नोंद) काढून होते, आणि ती शेवटच्या पोस्टिंगवरच उरकून घ्यावी. निवृत्तीनंतर तेच काम दिल्लीच्या डायरेक्टरेट ऑफ एअर व्हेटरन्सकडे पत्रव्यवहार करून, मग सुधारित पीपीओ निघून, मग स्पर्शवर दिसून होतं. माहेरचं-सासरचं नाव एकाच व्यक्तीचं असल्याचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडावा लागतो. जुन्या लग्नांची नोंदणीच झालेली नसते. ती महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आजही करता येते.

पेन्शनचं खातं बायकोबरोबर जोडखातं हवं, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं. हयातीचा दाखला नोव्हेंबरात. ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. जीवन प्रमाणच्या ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, बोटांचे ठसे उमटत नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना हा मार्ग फार सोयीचा. दाखला दिला म्हणजे झालं असं धरू नका. चार दिवसांनी स्पर्शवर जाऊन तो स्वीकारला गेलाय का बघा. फोनवर जमत नसेल तर गावातल्या सीएससी केंद्रातूनही होतं.

पेन्शनर गेल्यावर स्पर्शवर मृत्यूची नोंद लगेच करायची. उशीर झाला तर त्या महिन्यांची पेन्शन खात्यात येत राहते आणि नंतर ती सगळी वसूल होते. दुःखाच्या काळात बायकोच्या खात्यातून लाखभर रुपये परत जाणं हा त्रास टाळता येण्यासारखा आहे.

कसबा बावडा ताई

पीपीओ दादांना +१. मुलांच्या बाबतीत त्यात एक भर. फॅमिली पेन्शन अविवाहित मुलाला २५ पर्यंत. मुलगी अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असेल आणि तिचं स्वतःचं उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर २५ नंतरही मिळू शकते. दिव्यांग मूल असेल तर आयुष्यभर. पण दिव्यांग मुलाचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आईवडील दोघं असतानाच पीपीओवर चढवून घ्या. पाठीमागं ते करणारं कुणी उरत नाही.

आता ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. कोल्हापुरात पॉलिक्लिनिक आहे, त्यामुळं ओपीडीसाठी पुण्याला जायची गरज नाही. अधिकाऱ्याची एकदाच भरायची वर्गणी १,२०,०००. प्रत्येक सदस्याचं कार्ड वेगळं निघतं. मुलगा २५ वर्षं, नोकरी किंवा लग्न यातलं जे आधी होईल तोवर, मुलगी लग्न किंवा नोकरीपर्यंत. आईवडील अवलंबून म्हणून घालायचे तर दोघांचं मिळून उत्पन्न महिना ९,००० आणि त्यावरचा महागाई भत्ता याच्या आत हवं. इथं शेतीवाल्या घरांची गाडी अडते, कारण ऊसबिल आईवडिलांच्या नावावर जमा होत असतं. उत्पन्नाचा खरा दाखला काढा, खोटा घालू नका. पुढं कार्डच रद्द होतं.

रोजच्या औषधांसाठी पॉलिक्लिनिक. तिथं एखादं औषध नसेल तर ‘उपलब्ध नाही’ असा शेरा मारून घेतल्याशिवाय बाहेरून घेऊ नका, पैसे परत मिळत नाहीत. मोठ्या उपचाराला रेफरल लागतो. यादीतल्या हॉस्पिटलांचा करार मुदतीचा असतो, त्यामुळं गेल्या वर्षी यादीत असलेलं यंदा असेलच असं नाही. जायच्या आधी पॉलिक्लिनिकला फोन करून विचारा. रात्रीबेरात्री जवळच्या यादीबाहेरच्या हॉस्पिटलात जावं लागलं तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं, आणि हॉस्पिटलकडून तातडीची गरज होती असं लेखी घ्यायचं. हा कागद नसेल तर बिल कापलं जातं. यादीबाहेरच्या बिलावर मंजूर दरांइतकीच रक्कम मिळते, बाकीची आपली.

मुलांच्या प्रवेशाचं थोडक्यात. राज्याच्या सीईटी सेलच्या अभियांत्रिकी प्रवेशात संरक्षण दलासाठी ५ टक्के जागा आहेत. निवृत्ताचं मूल, वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास: डीईएफ १. नोकरीत असलेल्याचं, अधिवास महाराष्ट्राचा: डीईएफ २. वडील जुलैत निवृत्त होणार आणि अर्ज जूनमध्ये, अशा वेळी कुठला प्रकार लिहायचा ते त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचून ठरवा. मूल जोधपूर, तेजपूर, आदमपूर असं फिरत दहावी-बारावी झालेलं असतं. मग सगळा डोलारा वडिलांच्या किंवा आईच्या अधिवास दाखल्यावर. तो बारावीच्या वर्षात काढायला धावू नका, दोन वर्षं आधी तहसीलमधून काढून ठेवा. पंतप्रधान शिष्यवृत्तीबद्दल बरेच जण विचारतात. ती अधिकारी हुद्द्याखालच्या माजी सैनिकांच्या मुलांसाठी आहे, वैमानिकाच्या मुलांना लागू होत नाही.

व्हीएकेपी

आता पुढचं उड्डाण. कोल्हापूर विमानतळाशी संबंधित बरेच प्रश्न येतात म्हणून त्याचा कोड हेच नाव घेतलंय. उजळाईवाडीचं विमानतळ ५ जानेवारी १९३९ ला सुरू झालं, राजाराम महाराजांच्या काळात, आणि आज त्यांचंच नाव त्याला आहे. शहराला विमानाचं वेड जुनं आहे, पण नोकरीसाठी वैमानिकाला मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू किंवा दिल्लीच गाठावं लागतं. घर कोल्हापुरात आणि बेस बाहेर, हे आधी घरच्यांशी बोलून घ्या.

प्रवासी विमान ६५ वर्षांपर्यंत उडवता येतं. साठ ओलांडलेल्यानं दोघांच्या कॉकपिटमध्ये बसायचं तर दुसरा साठच्या आतला हवा. म्हणजे ५४-५५ ला बाहेर पडणाऱ्याला दहा-अकरा वर्षं मिळतात. त्यातली दोन कागदांत गेली तर नुकसान मोठं. म्हणून क्रम नीट लावा.

पहिलं काम मेडिकल, परीक्षा नंतर. डीजीसीएच्या (नागरी उड्डाणाच्या नियामकाच्या) ईजीसीए पोर्टलवर खातं आणि कॉम्प्युटर नंबर, मग क्लास टू मेडिकल, मग व्यावसायिक उड्डाणाला लागणारं क्लास वन. पहिलं क्लास वन डीजीसीएनं मान्य केलेल्या केंद्रांवर होतं, बेंगळुरूची आयएएम, दिल्लीची एएफसीएमई ही त्यातली हवाईदलाची. हवाईदलात ‘फिट फॉर फ्लाइंग’ असणं म्हणजे क्लास वन पक्कं असं नाही. दोन्हीकडचे निकष वेगळे आणि कागदही वेगळे. साठपर्यंत हे मेडिकल १२ महिने चालतं, साठनंतर ६.

दुसरं, लॉगबुक. सगळ्यात जास्त प्रकरणं इथं थांबतात. वार्षिक गोषवारा, प्रत्येक प्रकारच्या विमानाचे तास, दिवस-रात्र, कॅप्टन म्हणून की को-पायलट म्हणून, इन्स्ट्रुमेंटचे तास, सगळं वेगळं काढून त्यावर फ्लाइट कमांडर आणि सीओची (युनिटप्रमुखाची) सही. युनिट सुटण्याआधी हे करून घ्या. स्क्वाड्रन दुसरीकडं हलली, विमानच सेवेतून गेलं, मग सही कोण देणार? मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं. त्यावर शेवटची वर्षं काढलेल्यांनी तासांचे दाखले आताच हातात घ्यावेत.

एटीपीएलला (एअरलाइनच्या कॅप्टनचं लायसन्स) एकूण १,५०० तास लागतात, सीपीएलला (व्यावसायिक वैमानिकाचं पहिलं लायसन्स) २००. एकूण तासांची अडचण अनुभवी वैमानिकाला येत नाही. अडचण येते तासांच्या प्रकाराची आणि अलीकडच्या उड्डाणाच्या अटीची. शेवटची तीन वर्षं मुख्यालयात टेबलावर गेली तर अलीकडचे तास भरत नाहीत. मिराज २००० किंवा मिग-२१ वाल्याचे सगळे तास एका इंजिनाचे, त्याला मल्टी इंजिन वेगळं करावं लागतं. जॅग्वार, सुखोई-३०, एएन-३२ वाल्याला हा प्रश्न नाही. हेलिकॉप्टरवाल्याचं लायसन्सच वेगळं, सीपीएल एच आणि एटीपीएल एच. त्याच्या कामाची जागा म्हणजे जुहूहून समुद्रातल्या तेलविहिरींकडची उड्डाणं किंवा व्हीआयपी चार्टर.

परीक्षेत लष्करी वैमानिकाला काही विषयांत सवलत आहे, पण हवाई नियमांचा पेपर चुकत नाही. पास व्हायला ७० टक्के. नियम सोपे वाटतात आणि तिथंच माणसं अडतात, कारण लष्करी सवयीनं उत्तर देतात. नागरी हवाई क्षेत्राचे वर्ग, उड्डाण-कामाच्या तासांची मर्यादा, परवान्याच्या अटी, हे कोरं समजून नव्यानं वाचा. आरटीआर, म्हणजे रेडिओवरच्या संभाषणाची (आरटीची), वेगळी परीक्षा आहे. नागरी आरटी लष्करीपेक्षा शब्दशः वेगळी, ती मोठ्यानं बोलून सराव करावा लागतो. इंग्रजी प्रावीण्य किमान पातळी ४, ती ३ वर्षं टिकते. ५ सहा वर्षं, ६ कायमची.

टाइप रेटिंग, म्हणजे ए३२० किंवा ७३७ अशा ठरावीक विमानाची परवानगी, शेवटी. त्याला बरेच लाख लागतात. लायसन्स हातात येण्याआधी त्यात पैसे अडकवू नका, कारण रेटिंग झालं आणि विमान हाती नाही मिळालं तर ते शिळं होतं. कम्युटेशनचा पैसा यात घालायचा का हे बायकोशी बसून ठरवा.

एअरलाइनची धावपळ नको असेल तर शिकवणं हा चांगला मार्ग. हवाईदलातला क्यूएफआय (उड्डाण प्रशिक्षक) सिम्युलेटरवर आणि ग्राउंड स्कूलमध्ये लवकर रुळतो. बारामती, गोंदिया, शिरपूर इथं फ्लाइंग स्कूल आहेत. आणि ऊसपट्ट्यात ड्रोन फवारणी वाढते आहे म्हणून सांगतो: हजारो तास उडवलेल्यालाही ड्रोनसाठी वेगळं रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. दहा वर्षं चालतं. फवारणीचे ड्रोन २ ते २५ किलोच्या स्मॉल गटात बसतात.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात खासगी नोकरी धरण्याआधी परवानगी लागते का, हे आपल्या हुद्द्यानुसार हवाई मुख्यालयाला लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

टाकाळा डॉक्टर

व्हीएकेपींनी मेडिकल आधी म्हटलं ते फार बरं केलं. तब्येतीबद्दल तीन ठिकाणं सांगतो: कान, मान, पाठ.

जेटच्या आवाजानं कान जातात ते आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास. ऑडिओग्रामवर तिथं खड्डा दिसतो. बोलणं ऐकू येतं, पण दाराची बेल, कुकरची शिट्टी, नातवाचा बारीक आवाज सुटतो, आणि चार माणसं एकदम बोलली की काही कळत नाही. घरच्यांना वाटतं, हे लक्षच देत नाहीत. तपासणी करताना ३,००० आणि ६,००० हर्ट्झही मोजायला सांगा, काही ठिकाणी ते वगळतात. आदल्या दिवशी मोठ्या आवाजापासून किमान १६ तास लांब राहायचं, नाहीतर आकडा खरा येत नाही.

मान: हेल्मेट, मास्क आणि जी-फोर्स, यांनी मानेच्या सी५-सी६ आणि सी६-सी७ मणक्यांमधल्या चकत्या झिजतात. हातात मुंग्या, पकड सैल होणं ही खूण. अशा माणसानं तालमीतला मानेचा पूल, शीर्षासन, डोक्यावर ओझं हे कायमचं सोडावं. पाठीला सरळ मालिश ठीक, पण मानेला झटका देणाऱ्याकडं जाऊ नका.

पाठ: इजेक्ट झालेल्या, म्हणजे विमानातून सीटसकट बाहेर फेकल्या गेलेल्या वैमानिकाला बहुधा टी१२-एल१ च्या भागात (पाठ जिथं कमरेला मिळते तिथं) मणका चेपल्याची इजा होते. वीस वर्षांनी उंची कमी होणं, पुढं वाकणं सुरू झालं तर संपूर्ण मणक्याचा एमआरआय आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा करा.

हे सगळं रिलीज मेडिकल बोर्डात, एएफएमएसएफ-१६ या फॉर्मवर, लिहिलं गेलं पाहिजे. अपंगत्वाच्या लाभासाठी किमान २० टक्के अपंगत्व आणि सेवेशी संबंध, दोन्ही लागतात. ‘काय त्रास आहे’ विचारल्यावर ‘काही नाही’ म्हणायची वैमानिकाला सवय असते, कारण उड्डाणाची वैद्यकीय कॅटेगरी जाईल ही भीती. शेवटच्या बोर्डात ती भीती उरलेली नसते, त्यामुळं सगळं सांगा आणि जुने इजेक्शनचे, ऑडिओमेट्रीचे रिपोर्ट जोडा. २१ सप्टेंबर २०२३ पासून नियम बदललेत. त्याआधी निवृत्त झालेल्यांचा सल्ला आकड्यांसाठी धरू नका.

आणखी एक. नोकरीत दरवर्षी मेडिकलला बोलावणं येत होतं, आता कुणी बोलावणार नाही. साखर, लिपिड, ईसीजी, रक्तदाब, डोळ्यांचा दाब यासाठी वर्षातला एक महिना पक्का करा. हयातीच्या दाखल्याबरोबर नोव्हेंबर धरला तर लक्षात राहतं.

राजारामपुरी ११वी गल्ली

घरपट्टीची सवलत अधिकाऱ्यांनाही आहे का?

उजळाईवाडी (धागाकर्ता)

आहे. राज्याची २०२० ची बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना. सगळ्या माजी सैनिकांना, हुद्दा कुठलाही असो, राज्यात एकाच राहत्या घरासाठी. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदलेलं हवं. वैमानिक मंडळी हे करत नाहीत, कारण अधिकाऱ्याचं ओळखपत्र हवाई मुख्यालयाकडून मिळालेलं असतं आणि त्यात भागेल असं वाटतं. भागत नाही. महासैनिक पोर्टलवर अर्ज, सोबत पीपीओ, निवृत्तीचा आदेश, आधार, रहिवासी पुरावा. नोंदणी झाली की तिथला दाखला महापालिकेच्या घरफाळा विभागात द्यायचा. घर बायकोच्या नावावर असेल तर नात्याचा पुरावा जोडा, परत नावांचा प्रश्न येतो. पाणीपट्टी वेगळी, ती भरावी लागते.

याच नोंदणीचा पुढं बायकोलाही उपयोग होतो, कारण तिचं नाव तिथं चढतं. अर्जात कुटुंबाचा तपशील भरताना रकाना मोकळा सोडू नका.

पीपीओ आधी वाचा

आणि अर्ज करताना बायकोचा मोबाइल नंबरही द्या. स्पर्शवर, बँकेत, आधारला एकच नंबर असतो, तोही नवऱ्याचा. तो नंबर बंद झाला की ओटीपी कुणालाच मिळत नाही.